गुडघ्यावर हॅमर मारला की पाय का उडतो, आणि नाही उडाला तर काय समजायचं?

विश्रामबागी

कंबरदुखीचा पेशंट मिरजेहून एमआरआय काढून येतो. हातात फिल्मांची पिशवी, रक्ताचे रिपोर्ट आणि ‘मणक्यात गॅप आहे’ एवढं एक वाक्य. अख्खी फाइल चाळली तरी अँकल जर्क (टाचेमागं हॅमर मारल्यावर पावलाची होणारी उसळी) लागला की नाही ही ओळ कुठं सापडत नाही. हॅमर सगळ्यांच्या टेबलावर असतो, पण बहुतेक ठिकाणी तो केसपेपर उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो.

सांगली-साताऱ्यातले डॉक्टर, फिजिओ आणि शिकणारी मुलं इथं बरीच आहेत, म्हणून धागा काढतोय. स्ट्रेच रिफ्लेक्स, म्हणजे स्नायू झटक्यात ताणला की तो आपोआप आखडणं, आत कसा चालतो, तो नीट तपासायचा कसा आणि जे दिसलं त्याचा अर्थ काय, एवढं इथं एकत्र यावं. स्वतःचे किस्से नकोत, कामाचं लिहा.

कृष्णाकाठ सर, पहिला भाग तुमचा.

---

कृष्णाकाठ

स्नायूच्या पोटात, मुख्य तंतूंना समांतर, साधारण ४ ते १० मिलिमीटर लांबीच्या स्पिंडल, म्हणजे ताण ओळखणाऱ्या बारीक चात्या, असतात. प्रत्येकीत थोडेच बारीक तंतू. त्यांची टोकं आकुंचन पावतात, मधला भाग पावत नाही. त्या मधल्या भागाभोवती आयए चेतातंतूचं वेटोळं असतं. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) हॅमर पडला की कंडरा आत दबते आणि क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीच्या पुढचा स्नायू, किंचित लांबतो. लांबी जेमतेम वाढते, पण झटक्यात वाढते. आयए तंतू लांबीपेक्षा लांबण्याच्या वेगाला जास्त दाद देतो. हा मुद्दा पक्का धरून ठेवा, कारण पुढं स्पॅस्टिसिटी (मेंदू-मज्जारज्जूच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा) याच्याच जोरावर समजते.

संदेश मांडीच्या फिमोरल नर्व्हमधून कंबरेतल्या एल२-३-४ या नसांच्या मागच्या मुळातून मज्जारज्जूत शिरतो आणि मध्ये कुठंही न थांबता पुढच्या शिंगातल्या अल्फा मोटर न्यूरॉनवर, म्हणजे स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशीवर, येतो. सायनॅप्स (दोन चेतापेशींचा सांधा) एकच, रसायन ग्लुटामेट, तिथला उशीर अर्धा ते एक मिलिसेकंद. बाकीचा वेळ जाण्यायेण्याच्या अंतराचा. ईएमजी (स्नायूतली वीज नोंदणारं यंत्र) लावून पाहिलं तर हॅमर पडल्यापासून क्वाड्रिसेप्सचा प्रतिसाद सुमारे २० मिलिसेकंदांत दिसतो, पोटरीचा ३० ते ३५ मध्ये. पोटरी मज्जारज्जूपासून लांब, एवढंच कारण.

त्याच आयए तंतूची एक फांदी मधल्या एका निरोधक पेशीकडे जाते. ती पेशी ग्लायसीन सोडून मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगच्या मोटर न्यूरॉनला गप्प करते. म्हणून पाय पुढं उडताना मागचा स्नायू आडवा येत नाही. काजऱ्याच्या बियांतलं स्ट्रिक्निन हे ग्लायसीन अडवतं. धनुर्वाताचं विष ते सुटूच देत नाही. दोन्हीकडे लगाम गेल्यावर समोरासमोरचे स्नायू एकाच वेळी आखडतात आणि पेशंट धनुष्यासारखा वाकतो.

आता गॅमा. स्नायू आखडला की आतली स्पिंडल सैल पडायला हवी आणि तिचं काम थांबायला हवं. तसं होत नाही, कारण अल्फासोबत गॅमा मोटर न्यूरॉनही चालू होतात आणि स्पिंडलची टोकं ओढून मधला भाग ताणलेला ठेवतात.

वरून मेंदूतून येणाऱ्या मार्गांचा एकूण परिणाम स्नायू-मज्जारज्जू-स्नायू या कमानीवर दाब ठेवण्याचा असतो. तो दाब गेला की रिफ्लेक्स वाढतो. पण लगेच नाही. मज्जारज्जूला अचानक मोठी इजा झाली तर आधी स्पायनल शॉक: इजेच्या खालचे रिफ्लेक्स गायब, हातपाय लुळे. ते परत येऊन वाढायला दिवस ते आठवडे लागतात. झाडावरून किंवा विहिरीत पडलेला माणूस पहिल्या दिवशी तपासला आणि जर्क लागले नाहीत, म्हणून ‘नस तुटली, मज्जारज्जू ठीक’ असं कुणी लिहू नये.

जाता जाता इतिहास: गुडघ्याचा जर्क १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोघा जर्मन डॉक्टरांनी एकाच नियतकालिकात मांडला. एर्ब त्याला रिफ्लेक्स म्हणाला, वेस्टफालला तो स्नायूचा स्वतःचाच यांत्रिक प्रतिसाद वाटत होता. पुढं १९२४ मध्ये लिडेल आणि शेरिंग्टन यांनी मांजराच्या क्वाड्रिसेप्सवर दाखवून दिलं, की काही मिलिमीटर ताण दिला की स्नायू जोर धरतो, आणि चेता कापली की तो जोर जातो.

---

चिकित्सक

सर, हॅमर पडतो कंडरेवर आणि गोल्जी अवयवही (ताण ओळखणारा दुसरा चेता-अवयव) कंडरेतच. मग त्याचा यात हात नाही का?

---

कृष्णाकाठ

जर्कच्या उडण्यात नाही. गोल्जी अवयव स्नायूशी एका ओळीत जोडलेला असतो आणि जोर मोजतो. त्याचा आयबी तंतू मधल्या पेशींमार्फत काम करतो. स्पिंडल समांतर असते आणि लांबी मोजते. कंडरा इथं फक्त ओढायची दोरी.

तुमच्या पुढच्या प्रश्नाचं आधीच सांगतो. स्पॅस्टिक पाय वाकवताना आधी अडतो आणि मग एकदम सैल पडतो, ते गोल्जीमुळे असं जुन्या पुस्तकांत आहे. आता ते मागं पडलंय. स्नायूतल्या इतर बारीक चेतातंतूंकडे बोट जातं.

---

विश्रामबागी

आभार सर. आता तपासणी.

हॅमर: मेडिकल दुकानात मिळणारा छोटा तिकोनी रबरी हॅमर हलका असतो, दांडा आखूड. गुडघ्याला चालतो, घोट्याला दगा देतो. लांब दांड्याचा, टोकाला जड गोल चकती असलेला क्वीन स्क्वेअर हॅमर घ्यावा. दांड्याचं शेवटचं टोक सैल धरायचं, मनगट मोकळं ठेवायचं आणि हॅमर त्याच्या वजनानं पडू द्यायचा. खिळा ठोकल्यागत दाबून मारला की कंडरा झटक्यात ताणली जात नाही, नुसती दबून राहते, आणि पेशंट दुखलं म्हणून पाय घट्ट धरतो. तिथंच तपासणी संपते.

उघडं करा. पँटवरून, साडीवरून मारलेला जर्क खरा धरू नका. पाय उडाला का हे बघू नका, स्नायू बघा. क्वाड्रिसेप्सवर डावा हात ठेवला तर अगदी बारीक आकुंचनही हाताला लागतं.

गुडघा: आडव्या पेशंटच्या दोन्ही गुडघ्यांखालून आपला हात घालून ते ९० अंशांपेक्षा कमी वाकवलेले, टाचा टेकलेल्या. वाटीचं खालचं टोक चाचपा आणि त्याच्या खाली, टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) उंचवट्याच्या वर मारा. वाटीवर मारू नका.

बायसेप्स (दंडाच्या पुढचा स्नायू): कोपर अर्धवट वाकलेलं, हात पोटावर. आपला अंगठा कंडरेवर ठेवून अंगठ्यावर मारायचं. ट्रायसेप्स (दंडामागचा): कोपराच्या टोकाच्या थोडं वर, थेट कंडरेवर. इथं हमखास होणारी चूक म्हणजे जास्त वर, स्नायूच्या पोटावर मारणं. स्नायूवर थेट मारलं तर तो रिफ्लेक्सशिवायही थोडा हलतो, आणि नसलेला जर्क आहे म्हणून लिहिला जातो.

मान सरळ, चेहरा छताकडे. डावी-उजवी बाजू लगोलग, सारख्याच स्थितीत. एक पाय सरळ आणि एक वाकडा ठेवून तुलना केली तर जो फरक दिसतो तो आपणच तयार केलेला असतो.

---

वाळव्याची_पोर

सर, इंटर्नशिप चालू आहे. वॉर्डात सगळ्यांचे नी जर्क लागतात, अँकल जर्क निम्म्या पेशंटना लागत नाही. आमचं चुकतंय की खरंच नसतो?

---

विश्रामबागी

निम्म्यांना नाही म्हणजे बहुतेक हात चुकतोय. क्रमानं बघा.

१) आडव्या पेशंटचा गुडघा थोडा वाकवून मांडी बाहेर वळवा. तळवा हलका वर दाबून घोटा साधारण ९० अंशांत आणा. कंडरा सैल राहिली तर लागत नाही. फार दाबलात तर पेशंट उलट जोर लावतो, तरी लागत नाही. टाचेच्या हाडाच्या दोनतीन सेंटिमीटर वर मारा.

२) नाही लागला तर तळव्यावरून: आपली बोटं तळव्याच्या पुढच्या भागावर आडवी ठेवून बोटांवर मारा. म्हातारी माणसं, सुजलेले पाय, कंबर वळत नाही असे पेशंट, यांच्यात हेच सोपं पडतं.

३) तरीही नाही तर खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं मागं मोकळी लोंबकळत ठेवून मारा. हात भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकलेले असू द्या.

४) त्यानंतर जेंड्रासिक, म्हणजे जर्क वाढवायची युक्ती: दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगायचं. ‘ओढा’ म्हणायचं आणि त्याच क्षणी मारायचं. परिणाम काही सेकंदच टिकतो. पेशंट आधीपासून ओढत बसला असेल तर उपयोग नाही, दर वेळी नव्यानं ओढायला लावा. हाताचे जर्क तपासताना दात आवळायला सांगा.

हे चारही करून नाही लागला तरच ‘नाही’ लिहा. साठी-सत्तरीनंतर दोन्ही बाजूंचा अँकल जर्क मंद असू शकतो, कधी नसतोही. पण एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे वयाच्या खात्यावर टाकू नका.

---

चिकित्सक

जेंड्रासिकनं वाढतो तो गॅमामुळे असं आम्ही परीक्षेत लिहिलं होतं.

---

कृष्णाकाठ

गुण मिळाले असतील. माणसाच्या चेतेत बारीक सुई घालून केलेल्या नोंदींत मात्र त्याला एकमुखी पुष्टी मिळाली नाही. मज्जारज्जूतच आयएच्या टोकावरचा निरोध कमी होत असावा, याकडे आता जास्त कल आहे. दोन्ही लिहा.

---

मिरज_जंक्शन

अर्थाकडे येतो. आधी कुठला जर्क कुठल्या नसेच्या मुळाचा (सी मानेतली, एल कंबरेतली, एस त्याखालची), ही पाठच हवीत:

बायसेप्स – सी५-६
ब्रॅकिओरेडियालिस (कोपर वाकवणारा पुढच्या हाताचा स्नायू) – सी५-६
ट्रायसेप्स – सी७ मुख्य
गुडघा – एल३-४
घोटा – एस१

एल५ या यादीत नाही, आणि आपल्याकडच्या कंबरदुखीत नेमकी तिथंच फसगत होते. एल४-५ मणक्यांमधली चकती सरकली की बहुधा एल५ मूळ दबतं. पायाचा अंगठा वर उचलायचा जोर कमी होतो, पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा येतो, पण गुडघा आणि घोटा दोन्ही जर्क व्यवस्थित. ‘जर्क नॉर्मल, नस दबलेली नाही’ हे वाक्य म्हणून चुकीचं. एल५-एस१ ची चकती असेल तर त्याच बाजूचा अँकल जर्क जातो. दुखणं बरं झाल्यावरही तो वर्षानुवर्षं परत न येणं शक्य आहे. त्यामुळे आजच्या दुखण्याचा दोष जुन्या गेलेल्या जर्कवर टाकण्याआधी ‘पूर्वी कधी पाय दुखून अंथरुणाला खिळला होता का’ हे विचारा.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. कंबर-पाठ दुखते, पाय जड पडतात, चप्पल पायातून निसटते, आणि नी जर्क, अँकल जर्क दोन्ही उसळलेले. अशा पेशंटचा कंबरेचा एमआरआय काढून ‘किरकोळ झीज’ असा रिपोर्ट येतो. मज्जारज्जू मोठ्या माणसात एल१-२ च्या आसपास संपतो. त्याखाली फक्त मुळं असतात, आणि मुळं दबली तर जर्क कमी होतात, वाढत नाहीत. जर्क वाढलेत म्हणजे दुखणं वर आहे: छातीच्या मणक्यात किंवा मानेत. छातीच्या मणक्याचा टीबी असाच निसटतो. कुठला एमआरआय काढायचा हे हॅमरनं आधी ठरवावं, म्हणजे पेशंटचे पैसे एकदाच जातात.

बाकी थोडक्यात. दोन्ही अँकल जर्क गेलेले: मधुमेह आधी आठवा. अँकल जर्क नाही पण तळव्यावर ओरखडा काढल्यावर अंगठा वर जातो: बी१२ ची कमतरता बघा, मुळं-चेता आणि मज्जारज्जू दोन्हीकडे मार असतो. तीनचार दिवसांत पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा आणि जर्क नाहीत: जीबीएस (गियां-बारे, चेतांचा आजार). पहिल्या एकदोन दिवसांत जर्क असूही शकतात, म्हणून रोज तपासा, श्वासावर नजर ठेवा आणि पोटॅशियम लगेच बघा, कारण तेही खूप उतरलं तर हाच देखावा होतो. मायस्थेनियात (स्नायू लवकर थकण्याच्या आजारात) जर्क टिकतात. लघवी तुंबली, बसायच्या जागेचा बधिरपणा आणि अँकल जर्क नाहीत, तर त्याच दिवशी सर्जनकडे.

थायरॉइड कमी असेल तर जर्क लागतो, पण पाऊल परत जागेवर यायला रेंगाळतं. कमान ठीक असते, स्नायू सैल व्हायला वेळ घेतो. खुर्चीवर गुडघे टेकवून बघितलं तर हे स्पष्ट दिसतं.

---

माणदेशी

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्यांसाठी एक भर. आमच्याकडे नी जर्कचा सर्वांत मोठा उपयोग बाळंतिणीच्या खोलीत.

गरोदरपणात बीपी वाढलेलं, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येते आणि जर्क उसळलेले, घोट्याला क्लोनस (पाऊल वर दाबून धरलं की त्याचं सारखं उडत राहणं): झटका जवळ आलाय असं समजून चला.

झटका रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस पेशंटला पुढं पाठवण्याआधी देतो तेव्हा ५० टक्क्यांची २ मिलीची अँप्यूल म्हणजे १ ग्रॅम. दोन्ही कुल्ल्यांत खोल, प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे पाच-पाच अँप्यूल. पुढचे डोस दर ४ तासांनी ५ ग्रॅम. प्रत्येक पुढच्या डोसाआधी तीन गोष्टी: नी जर्क आहे, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, आणि लघवी तासाला किमान ३० मिली. एकही कमी असेल तर डोस थांबवा.

मॅग्नेशियम चेतेच्या टोकाला कॅल्शियम आत येऊ देत नाही, त्यामुळे असेटिलकोलीन कमी सुटतं. उपचाराची पातळी ४ ते ७ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर. साधारण १० ला नी जर्क जातो, १२ च्या पुढं श्वास धोक्यात. जर्क आधी जातो म्हणून तो आपल्याला वेळ देतो. प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईपर्यंत थांबावं लागत नाही. मॅग्नेशियम किडनीतूनच बाहेर पडतं, म्हणून लघवी.

उतारा जवळ भरून ठेवा: कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, शिरेतून हळूहळू. आणि पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखालचा भाग बधिर केलेला असेल तर नी जर्क बघून उपयोग नाही. बायसेप्स बघा.

---

वाळव्याची_पोर

मॅडम, डोस देण्याआधीचा जर्क लिहून ठेवायचा का?

---

माणदेशी

ठेवायलाच हवा. आधी किती होता हे माहीत नसेल तर ‘गेला’ कशावरून म्हणणार?

---

तालीम_फिजिओ

पैलवानांच्या मानेबद्दल लिहितो. इथं तालमी भरपूर, मानेवर ब्रिज आणि डोक्यावर आदळणं रोजचं. ‘हात झिणझिणतात’ म्हणून पोरगं आलं की फक्त मान फिरवून, शेकून पाठवू नका. ब्रॅकिओरेडियालिसचा जर्क बघा: मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला, रेडियस हाडाच्या खालच्या भागावर मारायचं. कोपर वाकायला हवं. कोपर वाकलं नाही आणि बोटंच आत मिटली, तर मामला गंभीर. सी५-६ पातळीवर कमान तुटलीय आणि त्याच जागी मज्जारज्जू दाबला गेल्यानं खालच्या सी८ वरचा मेंदूचा लगाम सुटलाय. कुस्ती बंद, कॉलर, मानेचा एमआरआय.

दुसरं, भरतीच्या पोरांचं स्ट्रेचिंग. मैदानावर मांडीला, पोटरीला धक्के देत ताणतात. धक्का म्हणजे वेग, आणि कृष्णाकाठ सरांनी वर लिहिलंय की स्पिंडल वेगालाच दाद देते. ज्या स्नायूला सैल करायचं तोच आखडतो. हळू ताणून ३० सेकंद धरा. मात्र धावण्याच्या अगदी आधी एकेक स्नायू मिनिटाहून जास्त ताणून धरला तर जोर थोडा कमीच पडतो. आधी हलकं पळणं, हालचालींचा वॉर्मअप. लांब स्ट्रेचिंग नंतर.

---

विश्रामबागी

पक्षाघाताच्या पेशंटचं यालाच जोडून. घरचे लोक मुठी उघडायला, गुडघा सरळ करायला जोरात हिसका देतात, मालिशवालाही तेच करतो. स्पॅस्टिसिटी वेगावर अवलंबून असते, हिसका दिला की ती वाढते. हळू, सलग, काही मिनिटं धरलेला ताण लागतो. शिकवताना घरच्यांकडून एकदा जोरात आणि एकदा सावकाश करवून घ्या. फरक त्यांच्याच हाताला लागतो, मग वेगळं समजवावं लागत नाही.

स्पॅस्टिसिटी मोजायच्या दोन पट्ट्या आहेत. सुधारित अ‍ॅशवर्थमध्ये सांधा पूर्ण कक्षेतून साधारण एका सेकंदात न्यायचा. टार्ड्यूत सावकाश आणि वेगात दोन्हीकडे, आणि वेगात कुठल्या कोनाला अडतो ते लिहायचं. दोन्ही वेगांना एकाच कोनाला अडत असेल तर स्नायू आखूड झालाय. तिथं गोळीनं काही होणार नाही, स्प्लिंट आणि कास्ट बघा.

आणि बसलेली स्पॅस्टिसिटी अचानक वाढली तर गोळी वाढवण्याआधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाठीवरची जखम, रुतलेलं नख शोधा. बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारी गोळी) पेशंटनं मनानं एकदम बंद करू नये, हे चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या. एकदम थांबवल्यानं झटके आणि भास होऊ शकतात.

---

वाळव्याची_पोर

एक राहिलं. तरुण, बाकी काही तक्रार नाही, आणि चारही हातापायांचे जर्क उसळलेले. पुढं काय करायचं?

---

मिरज_जंक्शन

घाबरलेल्या तरुण पेशंटमध्ये हे नेहमी दिसतं. थायरॉइड जास्त आहे का बघा. मग डावं-उजवं सारखं आहे का, तळव्याचा प्रतिसाद खाली आहे का, क्लोनस टिकतो का. क्लोनससाठी गुडघा थोडा वाकवा, पाऊल झटक्यात वर न्या आणि तसंच धरून ठेवा. दोनतीन ठोके पडून थांबलं तर चालतं. धरलंय तोवर चालूच राहिलं तर वरच्या मार्गाचा आजार. जॉ जर्कही (हनुवटीवर हलकं मारून जबड्याचा) बघा: हातपाय उसळलेले आणि जबडा शांत असेल तर दुखणं मानेत शोधा, जबडाही उसळलेला असेल तर त्याच्या वर.

तळव्याचं एक: शेतात अनवाणी चालणाऱ्यांची कातडी जाड असते, वरवर ओरखडा काढून काही दिसत नाही. बाहेरच्या कडेनं, किल्लीच्या बोथट टोकानं, सावकाश. बाबिन्स्कीनं १८९६ मध्ये सांगितलेली ही खूण कातडीच्या रिफ्लेक्सची आहे, स्ट्रेच रिफ्लेक्सची नव्हे. म्हणून जर्क नसतानाही ती मिळू शकते.

---

चिकित्सक

नोंद करताना नुसतं ‘+’ किंवा ‘++’ लिहू नका, एकाचं दोन दुसऱ्याचं तीन असतं. काठीचा माणूस काढा, दोन्ही बाजूंना आकडे: ० नाही, १ मंद, २ नेहमीचा, ३ उसळलेला, ४ क्लोनससह. जेंड्रासिक लावूनच लागला असेल तर आकड्याशेजारी ‘जे’. अँकल जर्क कुठल्या पद्धतीनं बघितला तेही लिहा. आडवा पाडून नाही लागला आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणी खुर्चीवर बसवून लावला, तर फाइलीत सुधारणा दिसते आणि पेशंट असतो तिथंच.